चकचकीत लादीतली खरबरीत वाट

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतल्या माणसांना मी चाळीस वर्षं खालून वर पाहत आलो. लादी बसवणारा मिस्त्री दिवसभर गुडघ्यांवर असतो. घरमालक आला की आधी त्याचे पाय दिसतात, मग लुंगी किंवा पँट, आणि मान वर करेपर्यंत तो बोलून मोकळा झालेला असतो. त्यामुळे पुष्कळांचे चेहरे मी विसरलो, पण टाचा लक्षात आहेत. भेगाळलेली टाच आणि रंगवलेली नखं एका घरात दिसली की लादीचा रंग कोण ठरवणार हे मी न विचारता ओळखत असे, आणि निम्म्या वेळा चुकत असे.

कामाबद्दल लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "चांगल्या झालेल्या कामांबद्दल लिहा, म्हणजे लवकर आटपेल." तिचं बोलणं मी मनावर घेत नाही. चांगल्या बसलेल्या फरश्या आपापल्या जागी गप्प पडून आहेत, त्यांना माझ्या लिहिण्याची गरज नाही. मला सांगायचंय ते एका फरशीबद्दल. ती मी आयुष्यात सगळ्यांत चांगली बसवली आणि नंतर माझ्याच हातांनी फोडली. फोडली नसती तर एक धडधाकट म्हातारा स्वतःच्या घरात उरलेला जन्म खाटेवर बसून राहिला असता. त्याला खाटेवर बसवणाराही मीच होतो.

पण त्याआधी आमच्या हत्यारांची ओळख करून देतो, नाहीतर माझा मूर्खपणा तुम्हाला नीट कळणार नाही.

लोकांना वाटतं, माल पसरायचा, वर लादी ठेवायची आणि ठोकायची. खरंच तेवढंच आहे. फक्त त्या 'ठोकायची'मध्ये वीस-पंचवीस वर्षं जातात. माल म्हणजे वाळू-सिमेंटचा गारा. तो थापीने पसरायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणायची. गुण्या म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्यांचा काटकोन, तो कोपऱ्यात लावायचा. घर बांधणारा गवंडी कितीही शपथा घेऊ दे, कोपरा काटकोनात आहे की नाही ते गुण्याच सांगतो. मग रबरी हातोड्याने लादी हळूहळू बसवायची आणि थापीच्या मुठीने वाजवून बघायची. ठण्‌ आवाज आला तर खाली माल भरलाय. ढब आवाज आला तर पोकळी आहे, उचला परत. आमच्यात मोजमाप सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्हाला ते काहीच वाटणार नाही, पण एका लादीची कड शेजारणीपेक्षा एक सूत वर राहिली की घरातल्या प्रत्येकाचा अंगठा तिला रोज सलाम करतो.

पातळी बघायला पाणसळ. पट्टीत बसवलेली काचेची नळी, तिच्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट. घर मोठं असलं तर प्लास्टिकची लांब पारदर्शक नळी पाण्याने भरायची. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं, तिथे खूण करायची. इतकं स्वस्त आणि इतकं प्रामाणिक हत्यार दुसरं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. रोह्याच्या एका निवृत्त मास्तरांच्या तीन खोल्या त्या नळीच्या भरवशावर केल्या. नळी भरताना मधे बोटभर हवा अडकली होती, ती मी पाहिली नाही. नळी खोटं बोलत नाही, तिच्या पोटातला वारा बोलतो. आठवड्याने मास्तर सायकलवरून कासूला माझ्या घरी आले. रागावलेले मुळीच नव्हते. म्हणाले, "मिस्त्री, आमची ही फरशी पुसते ना, ते सगळं पाणी देवघरात जातं. देवांना रोज आपोआप अभिषेक होतोय. पुण्य तुमच्या खात्यावर लिहू की माझ्या?" तिन्ही खोल्या मी पुन्हा केल्या, पदरच्या खर्चाने.

विजेची हत्यारं आली तेव्हा तर माझी मान आणखी ताठ झाली. मोझॅकच्या लाद्या तेव्हा घराघरांत होत्या. बसवल्यावर त्या खरखरीत असतात. खाली घासण्याचे दगड लावलेलं, दोन मुठी असलेलं जड मशीन त्यांच्यावर पाणी टाकून फिरवावं लागतं. खांब गावात एका घरी मी घरच्यांना गोळा करून समजावत होतो की हे मशीन दाबून धरायचं नसतं, बाळाला जोजवल्यासारखं सांभाळायचं. बोलता बोलता पिन बोर्डात खोचली. मशीनचं बटण आधीच चालू होतं आणि मुठी धरायला कोणी नव्हतं. ते जनावर एकटंच गरगर फिरत खोलीभर सुटलं आणि नुकत्याच गुलाबी रंगवलेल्या भिंतींवर छातीइतक्या उंचीपर्यंत राखाडी चिखल उडवत गेलं. मी मागे, मशीन पुढे. खाटेवरच्या आजींनी पाय वर घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "मिस्तरी, तुमचं जनावर आधी बाहेर बांधा, मग शिकवा." पिन काढायची सोडून मी मशीनमागे धावत होतो, हे त्यांच्याच लक्षात आलं होतं.

एवढं होऊनही मी स्वतःला या पट्ट्यातला पहिल्या नंबरचा मिस्त्री समजत होतो, आणि खरं सांगायचं तर होतोही. कटर मशीन आलं. हिऱ्याची धार असलेलं चाक, लोण्यासारखी लादी कापतं. मग दोन बाय दोन फुटांच्या चकचकीत व्हिट्रीफाइड लाद्या आल्या. त्या एकमेकींना चिकटवून अशा बसवायच्या की सांधा दिसता कामा नये. त्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. "सांधा दाखवा आणि लादी फुकट बसवून घ्या," असं मी गिऱ्हाइकांना म्हणत असे. कोणाला दाखवता आला नाही.

अशा माझ्या भरभराटीच्या दिवसांत परशुराम मला बोलवायला आला.

परशुराम पेणच्या खाडीकडच्या गावातला. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्टमध्ये कामाला. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागेवर त्याने स्लॅबचं घर बांधलं होतं. घरात तो, त्याची बायको सुमन आणि वडील हिराजीनाना. नानांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. काचबिंदूने डोळे गेले होते, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तब्येत मात्र खणखणीत. जुन्या घरात ते हातात काठीही घेत नसत.

मी माप घेत होतो तेव्हा नाना माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि माझी पाणसळ हातात घेऊन चाचपली. "ह्यात काय हाय?" असं विचारलं. मी म्हटलं, बुडबुडा आहे, तो पातळी सांगतो. नाना हसले. मिठागरात वाफ्याची जमीन कशी करतात ते त्यांनी मला सांगितलं. चिखल पायांनी तुडवायचा, दिवसच्या दिवस, दगडासारखा घट्ट आणि पाण्यासारखा सपाट होईपर्यंत. थोडा जरी ढाळ राहिला तर खारं पाणी एका बाजूला जमतं आणि मीठ सारखं धरत नाही. पाणी सोडण्याआधी म्हातारे लोक नुसते चालून सांगायचे, इथे वर आहे, तिथे खाली. "आमचा बुरबुरा टाचेत," नाना म्हणाले.

मला ते गमतीचं वाटलं. एक कारागीर दुसऱ्या कारागिराशी बोलतोय हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढे ते म्हणाले, "मिस्तरी, पडवीतल्या खाटेपासून मोरीपावेतो जरा खरबरीत ठेव. डोले गेले माजे. आता पायच बगतात."

यावर मी काय म्हणालो ते लिहायला आजही लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "नाना, खरबरीत आता गोठ्यातपण कोणी घालत नाही." परशुराम हसला, मी हसलो. नानाही जरा हसल्यासारखे झाले आणि पाणसळ माझ्या हातात ठेवून उठले. गिऱ्हाइकाचं ऐकलं, असं मला वाटलं. कानावर पडणं आणि ऐकणं यात किती सुतांचा फरक असतो, ते सांगणारी पाणसळ अजून निघालेली नाही.

मग मी ती फरशी बसवली. मोतिया रंगाची, ओटीपासून मागच्या दारापर्यंत एकसलग. दिवसा दिवा लागल्यासारखं घर दिसायला लागलं. वास्तुशांतीला सुमनच्या माहेरची माणसं उंबऱ्याबाहेर चपला काढून आणि वर पायही पुसून आत आली. मी दाराशी उभा राहून नवरदेवाच्या बापासारखा सगळ्यांकडे बघत होतो.

दोन-अडीच महिन्यांनी एका गिऱ्हाइकाला नमुना म्हणून ती फरशी दाखवायला घेऊन गेलो. रोह्याचा माणूस होता. आत शिरताच त्याने लादीत वाकून स्वतःचं तोंड बघितलं आणि भांग सारखा केला. मी खूश. बघतो तर नाना बाहेर पडवीत खाटेवर बसलेले, भर दुपारी, उन्हाची तिरीप गुडघ्यावर. मी विचारलं, आत का नाही बसत?

"तुजी लादी मलंल माज्या पायांनी," ते म्हणाले.

मी थट्टा समजून आत गेलो. गिऱ्हाईक भिंतीच्या कडा तपासत होतं. सुमन स्वयंपाकघरात होती. तिने मला हळूच बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. वास्तुशांतीनंतर तिसऱ्या दिवशी नाना मोरीजवळ ओल्या लादीवर घसरले, मनगट मुरगळलं. मनगट बरं झालं, पण त्या दिवसापासून त्यांनी घरात एकट्याने पाऊल टाकलं नव्हतं. काठी आणून दिली, ती लादीवर सरकायची. रबराच्या चटया टाकल्या, त्या दुमडायच्या आणि त्यांच्यातच पाय अडकायचा. परशुराम शिफ्टला गेला आणि ती बाजारात गेली की नाना खाटेवर. मग ती म्हणाली, "मिस्त्री, नाना पाणीच पीत नाय. पाणी प्यालं की मोरीत जावं लागतं, आणि मोरीत न्यायला माणूस लागतो. सुनेला किती वेळा हाक मारायची, म्हणून तोंड सुकवून बसतात. डॉक्टर ओरडले, तरी नाय."

मी बाहेर आलो. नानांच्या शेजारी बसलो. विचारलं, घसरायची भीती वाटते का?

"घसरायचं काय," नाना म्हणाले, "जलमभर चिखलात चाललो. पन तुज्या लादीवर उबा रायलो ना, की आभालात उबा हाय असं वाटतं. कुटं आलो, कलतच नाय. खालून काय बोलतच नाय कोन."

जुन्या घराची जमीन सारवलेली होती. चुलीजवळ ती कोरडी आणि कोमट, माठाजवळ थंड, वाल भरडायच्या जात्याजवळ एक खळगा, मोरीच्या अलीकडे बोटभर उंचवटा. नानांच्या पायांना सगळं घर वाचता येत होतं. मी ते घर पुसून कोरं केलं होतं, आणि सांधा दाखवा म्हणून वर फुशारकी मारत होतो.

रोह्याच्या गिऱ्हाइकाला मी बसमध्ये बसवून दिलं. त्याला फरशी फार आवडली होती. मी त्याला सांगितलं, लादी ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. त्याला वाटलं मला काम नको आहे. त्याने दुसरा मिस्त्री बघितला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी परशुरामला गाठलं आणि म्हटलं, मधून एक पट्टा फोडूया, त्यात खरबरीत दगड बसवतो. मजुरी घेणार नाही. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला. "मिस्त्री, अख्खा गाव ही लादी बघायला येतो," तो म्हणाला. "मी शिफ्टवर शिफ्ट करून घर उभं केलं, त्याला मधोमध ठिगळ लावू? नानाला सवय होईल. हट्टी हाय तो." पडवीतून नाना सगळं ऐकत होते. परशुरामचं चुकत होतं असं मला म्हणवेना. त्याला ही लादी घ्यायला लावणारा मीच. आणि खरं तर फोडायला माझा हातही उचलत नव्हता. ती माझी सगळ्यांत देखणी फरशी होती.

वाद संपेना, तेव्हा मी गळ्यातला गमछा डोळ्यांवर बांधला. म्हटलं, या फरशीतली एकेक लादी माझ्या हाताखालून गेली आहे, मी खाटेपासून मोरीपर्यंत जाऊन दाखवतो. गेलो तर नाना हट्टी, नाही गेलो तर मी गाढव.

हिशेब सोपा होता. उंबरा ओलांडायचा, सरळ नऊ लाद्या, मग डावीकडे, स्वयंपाकघराचं दार सोडून पुढे मोरी. मी सांधे मोजत निघालो. पण पायाला सांधाच लागेना. लागणार कसा? आठ-दहा पावलांत नऊ झाले की अकरा, तेच कळेना. पायांखालून जमीन काढून घेतल्यासारखं झालं. आपण वाकडे चाललोय असं वाटून सरळ व्हायला गेलो तो आणखी वाकडा झालो. हात पुढे केले, दाराची चौकट लागली, मोरी आली म्हणून आत शिरलो आणि तोल सावरायला हात टेकला तो ओट्यावर भिजत घातलेल्या वालांत, थेट मनगटापर्यंत.

"मिस्त्री, मोरी सापडली काय?" सुमनचा आवाज आला.

पडवीतून नानांनी विचारलं, "पोचला का गो तो?"

"पोचले. वालात बसलेत," सुमन म्हणाली.

मी गमछा सोडला आणि ओल्या हाताने परशुरामपुढे धरला. तो म्हणाला, असले खेळ मी करत नाही. सुमन नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्याने गमछा बांधून घेतला. चार पावलं चालला आणि थांबला. दोन्ही हात जरा पुढे, बोटं पसरलेली. आपल्याच घरात, मधोमध. आम्ही कोणी हसलो नाही.

गमछा काढून माझ्या खांद्यावर टाकत त्याने विचारलं, "कधी फोडताय?"

दगड शहाबादी घेतला, पॉलिश न केलेला. त्यावर टाकी मारायची होती, म्हणजे छिन्नी-हातोडीने बारीक खाचा पाडायच्या. हे काम मी दहा वर्षांत केलं नव्हतं. छिन्नी पिशवीच्या तळाशी गंजून पडली होती. ती घासली, धार लावली, आणि पहिल्याच दिवशी तळहाताला असे फोड आले की मीच शिकाऊ वाटावा. नानांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, "मशीनवाला झालास रे पार."

मग वाटेची आखणी. मी दोरी ताणली, गुण्या लावला, सरळ जाऊन काटकोनात वळणारा झकास पट्टा आखला. नानांना त्यावरून हाताला धरून चालवलं. वळणावर ते थबकले. "मानूस असा वलतो का?" ते म्हणाले. "सोल्जर हाय का मी?" मला म्हणाले, दोरी काढ. परशुरामने त्यांचा हात धरला आणि ते त्यांच्या चालीने चालू लागले. मी त्यांच्या मागून गुडघ्यांवर सरकत त्यांच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ ओढत गेलो. वाट तिरकी निघाली, सावकाश वळली आणि मोरीशी गेली. मधूनच एक फाटा माठाकडे. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी गुण्या न लावता आखलेलं हे एकच काम.

कटर हातात घेतला तेव्हा पहिली लादी कापवेना. ती कोणत्या खोक्यातली होती हेही मला आठवत होतं. परशुराम बाहेर जाऊन उभा राहिला. मी चाक टेकवलं आणि कापलं. घरभर पांढरी धूळ उडाली. सरळ चाकाने वळण कापायचं म्हणजे छोटे छोटे तुकडे मारत जावं लागतं, आणि बाजूच्या लादीला तडा जाऊ द्यायचा नसतो. दोन लाद्यांना गेला. दिसतो अजून. रेघेच्या आतली लादी छिन्नीने फोडून काढली, खालचा जुना माल खरवडला. गावातली माणसं दारातून डोकावून जात. कोणीतरी म्हणालं, मिस्त्रीने घरात नांगर घातला.

दगड बसवताना नाना माझ्यासमोर पाटावर बसून होते. प्रत्येक दगड मालावर ठेवला की ते त्यावर अनवाणी पाऊल ठेवत आणि टाच हळूच फिरवत. मोरीच्या बाजूला आडव्या खाचा मारायच्या आणि माठाच्या बाजूला छिन्नीच्या टोकाने पाडलेले टोचे, म्हणजे फाट्यावर उभं राहिलं की कुठली वाट कुठे जाते ते कळेल, ही युक्ती त्यांचीच. चौथ्या का पाचव्या दगडावर ते म्हणाले, "हा वर हाय."

मी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मी म्हटलं, नाना, अगदी सपाट आहे. ते म्हणाले, वर आहे. मी म्हटलं, हत्यार सांगतंय. ते पाऊल तिथेच ठेवून बसून राहिले. शेवटी त्यांची समजूत घालायला म्हणून मी पाणसळ उचलली, तर तिच्या बुडाला वाळूचा एक खडा चिकटला होता. पुसून पुन्हा ठेवली. बुडबुडा सरकला. दगड खरंच वर होता, एक सूत, त्याहून जास्त नाही. मी रबरी हातोड्याने ठोकून तो खाली बसवला. त्यानंतर उरलेल्या सगळ्या दगडांना पाणसळ लावलीच नाही. नाना पाय ठेवायचे, मी ठोकायचो. आमच्या दोघांत मिळून एक चांगला मिस्त्री तयार होत होता.

काम झाल्यावर घर कसं दिसलं, ते खोटं सांगत नाही. वाईट दिसलं. मोतिया लादीतून काळसर दगडांची नागमोडी वाट, जशी पायवाट शेतातून जावी तशी. खाचांत धूळ बसते, पोतेरं अडकतं. सुमनची कुरकुर पहिल्याच दिवशी सुरू झाली आणि ती रास्त होती. नमुना म्हणून मी तिथे पुन्हा कोणाला नेलं नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ते मी केलेलं सगळ्यांत भिकार काम, आणि दुसरं कुठलं काम मी इतका जीव ओतून केलेलं नाही.

माल सुकेपर्यंत वाटेवर कोणी पाय ठेवायचा नाही असं बजावून मी गेलो. आठ दिवसांनी सकाळी परत आलो. परशुराम नुकताच शिफ्टवरून आला होता. नाना खाटेवर तयार बसले होते, अंगात धुतलेला सदरा. मी म्हटलं, चला. परशुरामने सवयीने हात पुढे केला. नानांनी तो बाजूला सारला.

ते उठले. उंबरा ओलांडला. पहिल्या दगडावर पाय ठेवून थांबले, टाच फिरवली. मग चालायला लागले. सावकाश नाही, भराभरही नाही. बाजारातून घरी येणारा माणूस चालतो तसे. वळणावर वळले. फाट्यावर क्षणभर थबकले, उजवं पाऊल टोच्यांवरून उचलून आडव्या खाचांवर ठेवलं आणि डावीकडे गेले. परशुराम त्यांच्या मागे दोन पावलं, हात अर्धवट पुढे, पडलेच तर धरायला. सुमन स्वयंपाकघराच्या दारात. मी माझ्या नेहमीच्या जागी, खाली, गुडघ्यांवर.

मोरीशी पोचल्यावर नानांनी चौकट चाचपली आणि आत गेले. परशुराम त्यांच्या मागोमाग आत जायला निघाला, इतके दिवस जात होता तसा. तेवढ्यात दार त्याच्या तोंडावर बंद झालं. आतून कडी लागली.

आम्ही तिघं त्या बंद दाराकडे बघत उभे होतो. मी उभा कधी राहिलो ते मलाही कळलं नाही. आतून नळाचा आवाज आला, मग नानांचा.

"उबे काय रायलात? जावा, आपापल्या कामाला लागा."